कप कोस्टरवर ठेव, खाली प्राजक्त आहे!

फुलं पुस्तकात जपून ठेवणं ठीक आहे, पण त्यांचं चक्क फर्निचर? टोकियोच्या एका डिझायनरने खुर्चीत गुलाब तरंगवले, पोलंडच्या दुसऱ्याने फेकून दिलेल्या फुलांची टेबलं केली. आणि मी? मी एक चौरंग करायला गेले...

आमच्या हॉलमध्ये एक चौरंग आहे. सोफ्यासमोर, जिथे लोकांच्या घरी सेंटर टेबल असतं तिथे. त्यावर कुणी चहाचा कप ठेवायला गेलं की मी स्वयंपाकघरातून ओरडते, ‘कोस्टर, कोस्टर!’ नवऱ्याचे मित्र आता घरात शिरतानाच विचारतात, ‘आज हात खिशात ठेवून बसू का?’

चेष्टा करू देत. त्यांना काय माहीत, त्या चौरंगात माझ्या आजीचं अंगण आहे!

झालं असं, की 2022 साली आमचं साताऱ्याचं घर विकलं गेलं. जुनं घर, चार भाऊबहिणी, प्रत्येकाचा फ्लॅट वेगळ्या शहरात आणि दर पावसाळ्यात गळणारं छप्पर. विकणं शहाणपणाचंच होतं. सगळ्यांनी सह्या केल्या, आजीनेही केली. एक शब्द बोलली नाही. पुण्याला आमच्याकडे राहायला आली, स्वतःची ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला उठून दार उघडून नुसती उभी राहिली. समोर लिफ्ट होती.

साताऱ्याला साडेपाचला दार उघडलं की समोर प्राजक्त असायचा. श्रावण संपत आला की सुरू व्हायचा तो थेट दिवाळीपर्यंत. अंगणात पांढरी-केशरी रांगोळी. आजी परडी घेऊन खाली बसायची आणि एकेक फूल वेचायची. आम्ही फांदी हलवली की ओरडा. ‘प्राजक्त तोडायचा नसतो, वेचायचा असतो. तो देतो तेवढंच घ्यायचं.’ बाकी कुठलंही फूल जमिनीवर पडलं की देवाला चालत नाही. याला मात्र माफी!

घराचा ताबा द्यायच्या आधीच्या रविवारी मी शेवटची म्हणून दोन ओंजळी फुलं उचलून आणली. का आणली, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. पुण्याला पोचेपर्यंत डब्यात नुसता तपकिरी लगदा!

पण मग नवीन मालकांना फोन केला. भली माणसं. झाड पाडायला अजून महिनाभर होता. ‘या हव्या तितक्या वेळा,’ म्हणाले. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. वरमाला रेझिनमध्ये जपून ठेवतात ना हल्ली? लग्नातल्या हारांचं घड्याळ करतात, फ्रेम करतात, की-चेन करतात. मग प्राजक्ताचा चौरंग का नाही?

ओट्यावरची प्रयोगशाळा

पुढचे तीन शनिवार-रविवार मी सातारा-पुणे केलं. सोमवारी ऑफिसात डेडलाइन आणि घरी ओट्यावर प्रयोगशाळा. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघितले की सगळं कसं सोप्पं दिसतं. फूल ठेवा, वरून पारदर्शक रस ओता, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढा. खल्लास!

पहिल्या प्रयत्नात मी ताजीच फुलं साच्यात ठेवली. इपॉक्सी रेझिन म्हणजे दोन बाटल्या असतात, एक रेझिन आणि एक हार्डनर. दोन्ही एकत्र केले की रासायनिक प्रक्रिया सुरू होते आणि मिश्रण हळूहळू घट्ट होतं. हे होताना त्यातून उष्णता बाहेर पडते, हे मात्र मी वाचलं नव्हतं. थर जितका जाड, तितकी उष्णता जास्त. मी हौसेने चांगला तीन बोटं जाड थर ओतला होता. तासाभरात साचा हाताला चटका देण्याइतका तापला. फुलांतलं पाणी आणि हवा बुडबुडे होऊन अडकली आणि माझा प्राजक्त अक्षरशः शिजला. वर काचेसारखा ठोकळा, आत उकडलेली फुलं!

दुसऱ्या प्रयत्नात जरा शहाणी झाले. फुलं आधी सुकवायची. त्यासाठी सिलिका जेल मिळतं. नवीन बुटांच्या खोक्यात छोट्या पुड्या असतात ना, तेच, फक्त बारीक वाळूसारखं. डब्यात त्याचा थर, त्यावर फुलं, वरून पुन्हा हलक्या हाताने सिलिका आणि झाकण घट्ट. चार-पाच दिवसांत जेल सगळं पाणी शोषून घेतं. फूल पापडासारखं कुरकुरीत झालं की तयार. झेंडू, गुलाब छान सुकतात. प्राजक्ताची पाकळी मात्र इतकी पातळ, की वाळूच्या वजनानेच दुमडली. आणि पांढरा रंग? गेलाच. फिकट बदामी झाली सगळी.

शेवटी जुनी युक्ती, जाडजूड पुस्तक आणि त्यात टिपकागद. आकार टिकला, पण रंग पुन्हा बदामी. मी रडकुंडीला आले. झाड जायला आठ दिवस राहिले होते आणि माझ्याकडे एकही पांढरं फूल नव्हतं.

मिस ब्लांश नावाची खुर्ची

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका डिझायनर मित्राने मला एका खुर्चीचा फोटो दाखवला. ‘हे बघ, तुझ्यासारखाच वेडा होता एक.’

खुर्ची कसली, हवेत तरंगणारा गुलाबांचा ताटवाच! संपूर्ण पारदर्शक अॅक्रिलिक, त्यात लाल गुलाब असे विखुरलेले, जणू कुणी आत्ता उधळलेत आणि ते खाली पडायचे राहिलेत. ही शिरो कुरामाता या जपानी डिझायनरची ‘मिस ब्लांश’. साल 1988. नाव आलं टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकातल्या नायिकेवरून. तीच ती ब्लांश, जिचं वय उतरणीला लागलंय, घरदार हातचं गेलंय, पण जी दिव्यावर कागदी कंदील चढवून स्वतःला अंधूक उजेडात सुंदर ठेवू बघते. 1951 सालच्या सिनेमात ही भूमिका व्हिव्हियन लीने केली आणि ऑस्कर पटकावलं.

कुरामाताने अशा फक्त 56 खुर्च्या करवल्या, असं सांगतात. 1991 साली तो गेला, तेव्हा त्याचं वयही 56 होतं. आज ही खुर्ची न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टसारख्या ठिकाणी आहे. तिच्यावर बसायची सोय नाही, हे वेगळं सांगायला नको. (तिथे कोस्टरचा प्रश्नच मिटला!)

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या माहितीने. त्या खुर्चीतले गुलाब खोटे आहेत! खरी फुलं त्या प्रक्रियेत टिकेनात, म्हणून कुरामाताने कृत्रिम गुलाब निवडले, असं म्हणतात. आणि गंमत म्हणजे तेच त्या नावाला शोभून दिसतं. ब्लांशचं सौंदर्यही उसनंच होतं ना? कधीच न सुकणारे गुलाब, कारण ते कधी उमललेच नव्हते.

माझ्या मनात लगेच आलं, चला, प्रश्न सुटला! बाजारात कापडी प्राजक्त मिळतोच की. गणपतीच्या मखरासाठी लोक घेतात तो. अगदी पांढराशुभ्र, देठ भडक केशरी. चौरंगात असा दिसेल ना!

रात्री आजीकडे बघितलं आणि तो विचार तिथेच सोडला. आयुष्यभर फुलं वेचलेल्या बाईला कापडी प्राजक्त द्यायचा? तिने हातात न घेताच ओळखला असता.

काचघरातला मुलगा

मग सापडला मार्चिन रुसाक. हा पोलंडचा. वॉर्सातलं त्याचं घराणं पिढीजात फुलं पिकवणारं. आजोबा, पणजोबा सगळे त्यातलेच. पण हा जन्मला त्याच सुमारास धंदा बंद पडला. त्याच्या लहानपणी वाट्याला आली ती रिकामी पडलेली काचघरं. म्हणजे फुलं नाहीत, फुलांची जागा फक्त.

हे वाचताना मी खुर्चीत सरसावून बसले. सोळा तासांच्या प्रवासाइतक्या दूर राहणारा कोण कुठला माणूस, आणि त्याची गोष्ट इतकी ओळखीची?

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकताना रुसाकने फुलबाजारात फेकून दिलेली फुलं गोळा करायला सुरुवात केली. न विकली गेलेली, मान टाकलेली, कडा काळ्या पडलेली. दसऱ्याच्या संध्याकाळी मार्केट यार्डात किंवा दादरला गेलात तर झेंडूचे ढीग रस्त्यावर लोळताना दिसतात. सकाळी भाव खाणारी फुलं रात्री पायदळी. तिकडचं चित्रही फार वेगळं नाही. दूर देशांत वाढवायची, थंड खोल्यांत ठेवून विमानाने आणायची, आठवडाभर फुलदाणीत मिरवायची आणि कचऱ्यात टाकायची.

रुसाकने या फुलांचे रंग आधी कापडावर उतरवले. मग ती रेझिनमध्ये घातली आणि त्यांची टेबलं, कपाटं, पडदेवजा पार्टिशन केली. त्याच्या ‘फ्लोरा’ मालिकेतल्या वस्तू बघितल्या, तर काळ्याशार पृष्ठभागातून फुलं, पानं, काड्या वर येताना दिसतात. काळोख्या तळ्यात टॉर्च मारल्यासारखं. दुसऱ्या एका प्रकारात तो फुलं पांढऱ्या रेझिनच्या ठोकळ्यात भरतो आणि मग त्या ठोकळ्याचे चक्क काप करतो. कापात फुलांचे आडवेतिडवे छेद दिसतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा कुठला तरी महागडा संगमरवर आहे!

हे सगळं त्याला सुचलं ते सतराव्या शतकातल्या डच चित्रांवरून. त्या चित्रांत काळ्या पार्श्वभूमीवर गच्च भरलेले पुष्पगुच्छ असतात. नीट बघाल तर एखादी पाकळी गळलेली, एखादं पान अळीने खाल्लेलं. हे सुंदर आहे, पण राहणार नाही, असं ते चित्र हळूच सांगत असतं. अशी चित्रं काढणाऱ्यांत राखेल राउश नावाची एक जबरदस्त बाई होती. जन्म 1664, मृत्यू 1750, आणि ऐंशी ओलांडल्यावरही ब्रश हातात! तिचे वडील फ्रेडरिक राउश शरीरशास्त्राचे आणि वनस्पतींचे जाणकार. मृत प्राणी, माणसांचे अवयव न कुजता कसे ठेवायचे, यात त्यांचा हातखंडा होता. रशियाच्या झार पीटरने 1717 साली त्यांचा सगळा संग्रहच विकत घेतला. म्हणजे एकाच घरात बाप मेलेल्या गोष्टी ताज्या दिसाव्यात म्हणून धडपडतोय आणि लेक ताज्या फुलांत गळणारी पाकळी रंगवतेय. काय घर असेल!

रुसाकचं मला सगळ्यात आवडलेलं काम मात्र याच्या उलट आहे. त्याने फुलांचा चोथा, मेण, लाख (हो, आपल्या बांगड्यांची लाख!) असल्या गोष्टींपासून फुलदाण्या केल्या, ज्या काळाबरोबर झिजतात आणि संपतात. जो माणूस फुलं कायमची ठेवायचं तंत्र जाणतो, तोच मुद्दाम नाशिवंत फुलदाणी करतो. आणि त्याच्या टेबलांतली फुलंही टवटवीत नसतातच. ती सुकलेली, तांबूस, थकलेली असतात. लपवाछपवी नाही.

बदामी तर बदामी!

मी पुस्तकातली माझी फुलं पुन्हा काढली. या वेळी नीट बघितली. पाकळ्या बदामी झाल्या होत्या, पण देठ? देठ तस्सेच केशरी! एकाचाही रंग उतरला नव्हता.

यामागे सायन्स आहे. प्राजक्ताच्या देठात क्रोसेटिन नावाचं रंगद्रव्य असतं. केशराचा रंगही याच कुळातला. पूर्वी या देठांत कापड रंगवायचे ते उगाच नाही. झेंडूचा पिवळा-केशरी रंग सुकल्यावरही बऱ्यापैकी राहतो, तोही अशाच घराण्यातला. लाल-जांभळे रंग वेगळ्या जातीचे, ते चटकन काळवंडतात. म्हणून सुकलेला लाल गुलाब नेहमी मरून दिसतो.

म्हणजे मी महिनाभर गेलेल्या पांढऱ्यासाठी रडत होते आणि राहिलेल्या केशरीकडे माझं लक्षच नव्हतं!

पुढचं काम मग मी एकटीने केलं नाही. साताऱ्याच्या घराचा एक सागवानी दरवाजा काकांनी ठेवून घेतला होता. त्याची फळी मागून घेतली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ एक मिस्त्री लाकूड-रेझिनची टेबलं करतात, त्यांच्याकडे गेले. फुलं बघून ते म्हणाले, ‘ताई, ही सुकलीत. बाजारातून ताजी आणून सुकवू का? चांगला पीस होईल.’

म्हटलं, ‘नको काका. हीच.’

त्यांनी फळीत कडेने चार बोटं सोडून मध्ये उथळ खळगा केला. तळाला काळपट रंगाचा पातळ थर. तो थोडा चिकट असतानाच फुलं मांडायची, नाहीतर वरचा थर ओतला की ती तरंगून वर येतात. मांडणी मात्र मी केली. आधी छान गोलाकार नक्षी काढली. मग मोडली. अंगणात कधी नक्षी नव्हती. वरून एकेक फूल टाकत गेले, पडेल तसं. त्यावर बोटभरसुद्धा नाहीत असे तीन पारदर्शक थर, मध्ये एकेक दिवस. मग घासकाम, पॉलिश, चार पाय.

घरी आणला, तेव्हा आजी टीव्ही बघत होती. मी काही बोलले नाही. चौरंग समोर ठेवला. तिने चष्मा वर केला, हात फिरवला. फळीच्या कडेला खिळ्याचं जुनं भोक होतं, तिथे तिचं बोट थांबलं. ‘हे माजघराचं दार ना?’ मग काचेखालच्या फुलांवर वाकली. बराच वेळ गेला. मी मनातल्या मनात तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे यायची तयारी ठेवली होती.

आजी म्हणाली, ‘वास नाही गं याला.’

बस्स. एवढंच. मी पार आडवी!

सत्यभामेचं झाड, रुक्मिणीची फुलं

पण गोष्ट तिथे संपली नाही. चार दिवसांनी सकाळी उठले तर चौरंगावर ताजी फुलं. खरी. ओंजळभर प्राजक्त, दव असलेला.

‘कुठून आणलास?’

‘पलीकडच्या सोसायटीत झाड आहे. फुलं आपल्या पार्किंगमध्ये पडतात. तुम्ही रोज त्यावरून गाड्या नेता.’

तीन वर्षं राहतेय मी त्या सोसायटीत. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि सडा रुक्मिणीच्या दारी, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. पण आपण स्वतः रुक्मिणी आहोत, याचा पत्ताच नाही!

तेव्हापासून सीझनमध्ये हा रोजचा क्रम आहे. आजी आता 84 वर्षांची आहे. वॉचमन तिला खुर्ची आणून देतो, लहान मुलं फुलं वेचून तिच्या परडीत टाकतात. देवाची बाजूला काढली, की उरलेली ती चौरंगावर ठेवते. काचेखाली बदामी फुलं, काचेवर पांढरी. अकरा-बारापर्यंत वरचीही मलूल होतात. आजी ती उचलते आणि कुंडीत टाकते. वाईट वाटून घेत नाही. उद्या पुन्हा मिळणारच असतात.

आणि कोस्टरचं म्हणाल, तर एक सांगायचं राहिलं. चौरंगाच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल डाग आहे. गरम स्टीलच्या पेल्याचा. आजीचा सकाळचा चहा रोज तिथेच असतो. तिला कोस्टर द्यायची हिंमत घरात कुणाची नाही.

तुम्हालाही करून पाहायचंय?

● सुरुवात झेंडूने करा. रंग टिकतो, फूल स्वस्त आणि चुकलं तर जीव हळहळत नाही.

● फूल पूर्ण सुकलेलं हवं. बोटाने दाबल्यावर कुरकुरलं नाही, तर अजून दोन दिवस सिलिकात राहू द्या. ओलावा राहिला की आत डाग पडतो.

● पातळ पाकळ्यांची फुलं पुस्तकात, जाड फुलं सिलिकात.

● रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असेल तेच. ‘अंदाजे’ इथे चालत नाही, मिश्रण चिकट राहतं.

● एकदम जाड थर नको. पातळ थर, मध्ये वेळ. बुडबुडे वर आले की हीट गन लांबून फिरवा.

● हातमोजे, योग्य मास्क आणि उघड्या खिडक्या मस्ट! ओटा, लहान मुलं आणि मांजर यांच्यापासून हा उद्योग दूर ठेवा. (ओट्याचं मी अनुभवाने सांगतेय.)

● तयार वस्तू थेट उन्हात ठेवू नका, इपॉक्सी पिवळं पडतं. गरम भांडंही नको. अर्थात, तुमच्या घरी आजी असेल तर हा नियम विसरा.